कॅज्युअलच्या जमान्यात इस्त्रीचा शर्ट नेमका कुणाला लागतो?

डिसेंबर 2020 ची गोष्ट. कोरोनाची पहिली लाट ओसरत होती, सरकारी ऑफिसं पुन्हा भरायला लागली होती. तेवढ्यात राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढलं. विषय होता, कर्मचाऱ्यांचे कपडे.

जीन्स आणि टी-शर्ट घालून ऑफिसला यायचं नाही. स्लिपर चालणार नाहीत. भडक रंग, चित्रविचित्र नक्षी नको. पुरुषांनी शर्ट-पँटमध्ये यायचं, शुक्रवारी खादी वापरायची. गबाळ्या कपड्यांमुळे लोकांच्या मनातली ऑफिसची प्रतिमा खराब होते, असं कारण दिलं होतं. आधी फायली हलवा, मग पँटचं बघू, हे त्यावरचं कुणालाही सुचेल असं उत्तर. पण गंमत पुढे आहे. मार्च 2021 मध्ये सरकारने त्या बंदीतून जीन्स काढून टाकली. टी-शर्ट मात्र बाहेरच राहिला.

म्हणजे चांगले कपडे म्हणजे नेमके कुठले, हे खुद्द सरकारलाही चार महिन्यांत बदलावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, कपड्यांचं काय एवढं? ज्याला जे आवडेल ते घालावं. बरोबर आहे. पण ही मोकळीक सगळ्यांना सारखी मिळालेली नाही, आणि खरा विषय तिथेच आहे.

कॅज्युअल आलं कुठून?

आपल्याला वाटतं, तरुणांनी बंड केलं आणि टाय सुटला. खरं तर यात कापडवाल्यांचा हात मोठा आहे.

हवाई बेटांवर फुलाफुलांचे शर्ट बनवणाऱ्या व्यावसायिकांना आपला माल खपवायचा होता. 1960 च्या दशकात त्यांनी तिथल्या लोकप्रतिनिधींना असे शर्ट भेट दिले, आणि निदान उन्हाळ्यात तरी ऑफिसला हे चालू द्या म्हणून पाठपुरावा केला. 1966 पासून तिथे 'अलोहा फ्रायडे' रुळला. तोच पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर 'कॅज्युअल फ्रायडे' झाला. मग 1992 मध्ये लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने ऑफिसला कॅज्युअल म्हणजे काय घालायचं, हे सांगणारी एक पुस्तिका छापली आणि अमेरिकेतल्या हजारो एचआर मॅनेजरना पाठवली. लिव्हायसचा डॉकर्स हा खाकी पँटचा ब्रँड तेव्हा बाजारात होताच. पुढचं सांगायला नको.

आपल्याकडे हे वारं आयटी कंपन्यांमधून शिरलं. पण तिथेही सगळं एकदम सैल झालं नाही. इन्फोसिससारख्या कंपनीत सोमवार ते गुरुवार फॉर्मल कपड्यांची सक्ती होती. ती 2015 मध्ये गेली. 2019 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेनेही आपला ड्रेस कोड सैल केला. ज्यांच्या सुटाबुटाकडे बघून जगभरातल्या बँकवाल्यांनी सूट शिवले, त्यांनीच कोट उतरवला.

आणि मग लॉकडाऊन आलं.

मराठी घरात कपड्यांच्या कपाटाचे दोन कप्पे असायचे, घरचे कपडे आणि बाहेरचे कपडे. बाहेरून आलं की शर्ट खुंटीला लावायचा आणि बनियन-पायजम्यात बसायचं. किराणा आणायला खाली जायचं तरी वडील मंडळी शर्ट चढवून जात. मधली रेघ पक्की होती. लॉकडाऊनमध्ये ती पुसली गेली. वर शर्ट, खाली बर्मुडा, समोर लॅपटॉप. आणि मग बर्मुडाच घराबाहेर पडला. आज तो बँकेत दिसतो, मुलांच्या शाळेच्या पालकसभेत दिसतो, क्वचित कुणाच्या साखरपुड्यातही दिसतो.

जगाच्या बाजारातही याचे आकडे उमटले. 1818 मध्ये सुरू झालेली, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे कपडे शिवणारी ब्रूक्स ब्रदर्स कंपनी जुलै 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये महागाई मोजण्यासाठी सर्वसामान्य लोक विकत घेतात त्या वस्तूंची एक टोपली धरतात. मार्च 2022 मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने त्या टोपलीतून पुरुषांचा सूट काढून टाकला. 1947 पासून तो त्यात होता. त्याच्या जागी आला नुसता जॅकेट किंवा ब्लेझर.

पण मग हुडी घातली तर संसद का हलली?

सप्टेंबर 2023. अमेरिकेच्या सिनेटमध्ये जॉन फेटरमन नावाचे खासदार आहेत. अंगात हुडी, खाली शॉर्ट्स, हा त्यांचा नेहमीचा पोशाख. सिनेटचे बहुमतातले नेते चक शूमर यांनी सभागृहातला अलिखित ड्रेस कोड सदस्यांसाठी लागू न करण्याची सूचना दिली. त्यावरून इतका गदारोळ झाला की महिना संपायच्या आत सिनेटने एकमताने ठराव केला आणि पुरुषांना कोट, टाय, फुल पँट बंधनकारक केली. कुठल्याही मुद्द्यावर एकमत न होणारं सभागृह पँटवर एक झालं.

आता फेटरमन यांना हुडीने काय फरक पडला? काहीच नाही. ते खासदार आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मार्क झुकरबर्ग वर्षानुवर्षं राखाडी टी-शर्ट घालून फिरला, कारण त्याला कुठल्या सिक्युरिटी गार्डला ओळखपत्र दाखवायचं नव्हतं. अब्जाधीशाचा टी-शर्ट हा साधेपणा नसतो. मला कुणालाही इम्प्रेस करायची गरज नाही, हे सांगायची ती सगळ्यात महागडी पद्धत आहे.

ज्याला अजून कुणी ओळखत नाही, त्याचं काय?

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी याच प्रश्नावर प्रयोग केले, ते 2019 च्या शेवटी प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. चेहरा तोच, पण एका फोटोत कपडे थोडे बरे, दुसऱ्यात थोडे साधे. फाटके वगैरे नाहीत हं, फरक अगदी थोडा. फोटो काही वेळा फक्त 129 मिलिसेकंद दाखवला, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत. तेवढ्यात लोकांनी बऱ्या कपड्यातल्या माणसाला जास्त कर्तबगार ठरवलं. मग त्यांना सांगितलं की कपड्यांकडे लक्ष देऊ नका. या माणसाचं काम काय, कमाई किती, हेही सांगून पाहिलं. बरोबर अंदाज केला तर बक्षीसही ठेवलं. निकाल फारसा बदलला नाही.

इंटरव्ह्यूला आलेल्या पोराच्या बाबतीत पहिली ठिणगी इथेच पडते. तो तोंड उघडायच्या आधी.

रील्सवरचा एक दावा मात्र सांभाळून घ्या

चांगले कपडे घातले की तुमचा मेंदूच जास्त चालतो, असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यामागे 2012 चा एक अभ्यास आहे. डॉक्टरचा पांढरा कोट घातलेल्यांचं लक्ष जास्त एकाग्र झालं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग जास्त लोकांवर करून पाहिला, तेव्हा तो परिणाम सापडला नाही.

त्यामुळे कडक इस्त्रीने बुद्धी वाढते यावर फार विसंबू नका. समोरच्याचं तुमच्याबद्दलचं मत बदलतं, याला मात्र भक्कम आधार आहे.

आणि हे मत नेहमी स्वच्छतेवर ठरत नाही

2024 मध्ये बंगळुरूत दोन घटना घडल्या. फेब्रुवारीत डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका शेतकऱ्याला कपडे मळके आहेत म्हणून मेट्रोच्या स्टेशनवर अडवलं. तिकीट त्यांच्या हातात होतं. व्हिडिओ व्हायरल झाला आणि सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी गेली. जुलैमध्ये हावेरी जिल्ह्यातले एक शेतकरी मुलाबरोबर मॉलमध्ये सिनेमा बघायला गेले. अंगात पांढरा शर्ट आणि पंचा म्हणजे धोतर. त्यांना आत सोडेनात. प्रकरण विधानसभेत पोहोचलं आणि कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायचं जाहीर केलं.

ही दुसरी घटना नीट बघा. धोतर आणि पांढरा शर्ट हे त्या माणसाचे बाहेरचे कपडे होते, ठेवणीतले. तो नीटनेटका होऊनच आला होता. त्याच मॉलमध्ये गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून गेलं तर कुणी हटकत नाही. गार्डला नीटनेटकेपणा नाही, ओळखीचा वर्ग तपासायला शिकवलेलं असतं. क्लबवाल्यांची तर ही जुनी खोड. चेन्नईत 2014 मध्ये धोतर नेसलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना क्रिकेट क्लबच्या दारातून परत जावं लागलं. त्यानंतर तामिळनाडूने वेष्टी नेसणाऱ्याला अडवता येणार नाही, असा कायदाच केला.

हा हिशोब महाराष्ट्राला नवा नाही. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला आणि 1931 मध्ये त्याच वेशात ते ब्रिटिश राजाच्या भेटीला गेले. त्याच काळात बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेत उत्तम शिवलेल्या सुटात बसत होते. एकाने कपडे उतरवले, दुसऱ्याने चढवले, आणि दोन्हीला राजकीय अर्थ होता. ज्या समाजाने काय नेसावं, कसं नेसावं, यावर गावाने बंधनं घातली होती, त्या समाजासाठी नीट कपडे घालणं हाच नकार होता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडं कसं नेसावं, अंगावर जातीची खूण ठरणारे दागिने का टाकावेत, हे मुद्दाम सांगितलं होतं. पुतळ्यांवरचा निळा कोट ही फॅशन नाही, हे त्यामुळे लक्षात येतं.

म्हणून एखादा वॉचमनकाकांचा मुलगा कॉलेजला रोज शर्ट इन करून जातो आणि बंगल्यातला पोरगा ट्रॅक पँटवर येतो, तेव्हा पहिल्याला हसू नये. त्याला टी-शर्टची चैन परवडत नसते.

मग नीट कपडे म्हणजे खर्चच खर्च?

तसं नाही. आणि सूट-टायचं नाव तर काढूच नका. मे महिन्यात नागपुरात टाय लावणं ही शिक्षा आहे. आपल्या हवेला सुती किंवा लिननचा हलक्या रंगाचा शर्ट आणि बरी पँट, एवढं पुरतं. गावोगावच्या राजकारण्यांनी हे कधीच ओळखलंय. सगळा महाराष्ट्र कॅज्युअल झाला तरी झेडपीच्या उमेदवाराचा पांढरा शर्ट अजून कडकच असतो.

पैसे कपड्याच्या ब्रँडपेक्षा मापात घालावेत. शर्टाच्या खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर यायला हवी, दंडावर ओघळायला नको. पँटचा पाय बुटावर चुण्या पडून साचायला नको. खांदा दुरुस्त करणं किचकट, पण कंबर, बाही आणि उंची कोपऱ्यावरचा अल्टरवाला एका दिवसात करून देतो. हजार रुपयांचा शर्ट मापात असला, की तीन हजारांच्या ढगळ्या शर्टापेक्षा बरा दिसतो.

कराचा एक बारीक मुद्दाही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे. त्यावरचा एक रुपयाही वाढला की पूर्ण किमतीवर 18 टक्के. साधा शर्ट-पँट 5 टक्क्यांत बसतो, चांगला ब्लेझर बसत नाही. कापड घेतलं तर त्यावर 5 टक्केच. म्हणजे कापड घेऊन शिवण्याची वडिलांची पद्धत नव्या जीएसटीत पुन्हा हिशोबात बसते. फक्त टेलर शोधावा लागेल. रेडिमेडच्या लाटेत कित्येकांनी दुकानं बंद केली, उरलेले ब्लाऊज आणि अल्टरवर तग धरून आहेत.

शेवटी पुन्हा सरकारकडे

मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने शिक्षकांसाठीही असाच निर्णय काढला. जीन्स, टी-शर्ट नको. पुरुष शिक्षकांनी फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट आत खोचलेला. मुलं शिक्षकाकडे बघून शिकतात हा मुद्दा चुकीचा नाही. वर्गात मास्तर टापटीप दिसला तर बरंच वाटतं.

पण या नियमात नव्याने लागलेला शिक्षण सेवकही येतो. प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचं मानधन 2023 मध्ये 6 हजारांवरून 16 हजार झालं. खोलीचं भाडं, जेवण, शाळेपर्यंतचं पेट्रोल भागवून त्याने फिकट शर्ट आणि गडद पँटचे तीन-चार जोड शिवायचे, रोज इस्त्री करायची आणि पावसाळ्यात चिखलातून वाडीवरच्या शाळेत तसंच पोहोचायचं. नियम करणाऱ्यांच्या दौऱ्यात त्या वाडीची शाळा येते का, हे त्यालाच विचारा.