चराईबंदी कोणावर?

राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील गावांच्या प्रयोगांनंतर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे शब्द ग्रामविकासाच्या ठरावांत जोडीने येऊ लागले. हिवरे बाजारात डोंगर गुरांना बंद झाला, गवत कापून नेण्यास मुभा राहिली आणि उघडे डोंगर हिरवे झाले, हे निर्विवाद आहे. परंतु त्यावरून ‘चराई म्हणजे विनाश, कापणी म्हणजे संवर्धन’ असे सूत्र काढून ते सरसकट साऱ्या गायरानांना लावणे आम्हांस मान्य नाही.

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. म्हणूनच वरचे पाते विळ्याने कापले काय किंवा दातांनी तोडले काय, ते पुन्हा फुटते. मात्र फुटण्यासाठी लागणारा साठा मुळांतून येतो. तो भरून येण्यास उसंत मिळाली नाही, तर मुळे आखूड होतात व झाड खचते. दबडघाव व शंकरनारायण यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय गवताळ प्रदेशांच्या पाहणीत हा क्रम नोंदलेला आहे: अतिचराईने शेडा, मारवेल यांसारखी बारमाही कसदार गवते मागे हटतात, आधी कुसळ व अखेर निकृष्ट वर्षायू गवते माळ व्यापतात. गुरे तोंड न लावणारा तरवडही मग फोफावतो. दोष आहे तो उसंत न मिळण्याचा. डोंगर बंद केल्याने ही उसंत मिळते, आणि यशाचे बरेचसे श्रेय तिला व गावकऱ्यांनी श्रमदानाने जिरवलेल्या पाण्याला आहे.

जमिनीच्या कसाचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तो क्वचितच मांडला जातो. चरणारे जनावर पोटात गेलेल्या नत्रापैकी सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग शेणामुतातून परत टाकते. कापलेले गवत गावात गेले की एक टन वाळल्या गवताबरोबर साधारण सहा ते दहा किलो नत्र माळ सोडून जाते. स्फुरद व पालाश निराळे. गोठ्यातील शेण माळावर परतत नाही, ते शेतात पडते. म्हणजे सामाईक जमिनीचा कस दरवर्षी खाजगी जमिनीत जमा होतो, आणि ज्याला शेत नाही त्याच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही.

कापणी सर्वस्वी वाईट, असेही आम्ही म्हणत नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे 1856 पासून एका कुरणावर प्रयोग चालू असून ते वर्षातून दोनदा कापले जाते. खत न दिलेल्या तुकड्यांत आजही तीसहून अधिक जातींच्या वनस्पती नांदतात. अमोनियायुक्त खत भरपूर घातलेल्या, पण चुना न दिलेल्या तुकड्यांत जमीन आंबट होऊन दोनतीनच जाती उरल्या. तेव्हा कापणीने विविधता टिकू शकते, परंतु बिनखताच्या तुकड्याचे उत्पन्न पुष्कळ कमी असते, आणि कापलेल्या माळावर युरियाची गोणी रिती करणे हाही उपाय नव्हे.

आता बंदी कोणावर पडते ते पाहा. ज्याच्याकडे बांध आहे, कडबा आहे, तो गुरे दावणीला बांधून गवत विकत घेईल. चार शेळ्यांवर घर चालविणाऱ्या भूमिहीन स्त्रीला व मेंढपाळाला ते शक्य नाही. गंमत अशी की याच मेंढपाळाला शेतकरी धान्य देऊन मेंढ्या शेतात बसवावयास बोलावतो; लेंड्यांचे मोल शेतात कळते, माळावर मात्र तो गुन्हेगार ठरतो.

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(घ) ने चराईचा, तसेच भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत चराईबंदीचा ठराव आला की त्याऐवजी पाळीचराईचा आराखडा मांडावा: माळाचे भाग पाडावेत; त्यांतील एक भाग पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत आळीपाळीने राखावा; गवत ज्या भागातून नेले, तेथे रात्री मेंढ्या बसवाव्यात. ही ग्रामसभा पावसाळ्यातच, मेंढपाळांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे निघण्याआधी, बोलावली पाहिजे. एरवी ज्यांच्याविषयी ठराव व्हावयाचा ते घाटाखाली असतील.