मेमरी वाढली, वेग मात्र घटला

संगणकाचे आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढवायचे तर रॅम वाढवावी, हा सल्ला इतकी वर्षे डोळे झाकून दिला जात होता आणि तो परवडतही होता. २०२५च्या उत्तरार्धात हे गणित कोलमडले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या एचबीएम मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही बड्या उत्पादकांनी आपली क्षमता वळवली. तेवढ्याच गिगाबाइटसाठी एचबीएमला डीडीआर५च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. साहजिकच सामान्य ग्राहकाच्या वाट्याची मेमरी आटली आणि काही महिन्यांतच किमती दुपटीहून वर गेल्या. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रूशिअल’ हा किरकोळ विक्रीचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

या टंचाईचा एक परिणाम फारसा चर्चेत आलेला नाही. पूर्वी ज्या ग्राहकाने एकसारख्या दोन स्टिक घेतल्या असत्या, तो आता एकच घेतो. मिळेल त्या कंपनीची, प्रसंगी जुन्या यंत्रातून काढलेली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा दिल्लीचे नेहरू प्लेस, मागितले जाते ते ‘सोळा जीबी’ एवढेच. आणि मग गेमिंग लॅपटॉप पूर्वीपेक्षा मंद झाल्याची तक्रार सुरू होते. ही तक्रार बहुतेकदा मनाचा खेळ नसतो.

याचे मूळ आकारात नाही, रुंदीत आहे. डीडीआर४-३२०० मेमरीची एक वाहिनी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहून नेते. दोन वाहिन्या मिळून ५१.२. लॅपटॉपमध्ये मुळात आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक असतील आणि त्या काढून बत्तीसची एकच बसवली, तर साठा दुप्पट होतो आणि रस्ता निम्मा. गोदाम मोठे बांधावे आणि दोन दरवाजांपैकी एक बुजवावा, तसा हा प्रकार. स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या यंत्रांत त्या चिपची स्वतःची मेमरी असल्याने सरासरी फ्रेम फारशा घटत नाहीत. प्रोसेसर उपाशी राहतो आणि खेळ मध्येच अडखळतो. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपचे हाल याहून वाईट, कारण तेथे चित्रही याच वाटेने यावे लागते.

दुसरा प्रकार बेजोड जोडीचा. मूळ स्टिक ३२००ची आणि नवी २६६६ची असल्यास दोन्ही २६६६वरच चालतात. ८ आणि १६ जीबी एकत्र बसवल्यास पहिले १६ जीबी दुहेरी वाहिनीने आणि उरलेले ८ एकेरीने वापरले जातात. ही तडजोड वाईट नाही. मेमरी खरोखर अपुरी पडत होती, तर फायदाच होतो. मात्र डीडीआर४मधील एक बारकावा विक्रेते क्वचितच सांगतात. आठ जीबीची स्टिक आठ चिपांची असू शकते, तशीच चारचीही. चार चिपांच्या, लेबलवर ‘१आरएक्स१६’ छापलेल्या स्टिकमध्ये बँक-गट निम्मे असतात. वेगाचा आकडा तोच असूनही गेममध्ये ती काहीशी मागे पडते.

निदानाचा क्रम सोपा आहे, पण पाळला जात नाही. आधी नवी स्टिक काढून मूळ रचनेत, चार्जर जोडून, त्याच गेममधील त्याच जागी फ्रेम मोजाव्यात. वेग परत आला तर दोष मेमरीच्या रचनेत. न आल्यास लॅपटॉप उघडताना काय हलले ते पाहावे. पंख्याची वायर नीट न बसणे, बॅटरी काढल्यामुळे काही यंत्रांत बायोसमधील निवडी मूळपदावर जाणे, ग्राफिक्सचा वा ऊर्जेचा मोड बदलणे, ही कारणे रॅमच्या नावावर सर्रास खपवली जातात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग आणि व्यापलेल्या खाचा दिसतात. ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ या नोंदीपुढे अनेक जीबी दिसत असतील, तर स्टिक नीट बसलेली नाही किंवा ‘एमएसकॉन्फिग’मधील कमाल मेमरीची चौकट कोणीतरी भरून ठेवली आहे.

वाहिन्यांची खातरजमा सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमने होते, परंतु तेथे गल्लत ठरलेली. ३२००च्या मेमरीपुढे तो १६०० दाखवतो; डीडीआर प्रत्येक स्पंदनात दोनदा माहिती पाठवते, म्हणून हा आकडा बरोबरच असतो. हे ठाऊक नसल्याने धडधाकट स्टिक परत करणारे कमी नाहीत. डीडीआर५मध्ये उलटी फसवणूक संभवते. तिच्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२ बिटांच्या दोन उपवाहिन्या असतात. त्यामुळे एकच स्टिक असूनही पडद्यावर ‘दोन’ दिसू शकते. ६४ बिटांच्या दोन खऱ्या वाहिन्यांसाठी तेथे चार उपवाहिन्या दिसायला हव्यात.

सदोष मेमरीचा संशय सर्वांत आधी घेतला जातो; वास्तविक तो शेवटी घ्यावा. बिघडलेली रॅम सहसा यंत्र मंद करत नाही, ते बंद पाडते. निळा पडदा, अचानक बाहेर फेकला जाणारा गेम ही तिची लक्षणे. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवल्यास उत्तर मिळते. डीडीआर५ बसवल्यानंतर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहतो, तो मात्र बिघाड नव्हे. प्रोसेसर नव्या मेमरीशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाबरून बटण दाबून धरले की तेच सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

राहिला खरेदीचा प्रश्न. दुकानात जाताना जुन्या स्टिकच्या लेबलचे छायाचित्र सोबत असावे, आणि भाव इतके चढलेले असताना पक्के बिल व आठवडाभरात बदलून देण्याची लेखी अट याशिवाय सुटी स्टिक घेऊ नये. जुनी स्टिक दुकानदाराला लगेच विकून टाकण्याचा मोहही टाळावा. नवीन रचना मंद निघाली, तर पडताळणीसाठी तीच लागते.