हार्वर्ड मोठे की कोलंबिया?



मुलगी पदवीधर झाली आणि अमेरिकेचा विषय निघाला की घरात वाद रंगतो: हार्वर्ड मोठे की कोलंबिया? बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि ते शिकले कोलंबियात. मग आपले मत ठरलेलेच!

पण क्रमांकांची गंमत पाहा. 'यू.एस. न्यूज'च्या यादीत 2021 साली कोलंबिया दुसरे होते. तिथल्याच मायकल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकांनी विद्यापीठाने दिलेले आकडे तपासले. वर्गातील विद्यार्थ्यांची संख्याच जुळेना. 2022 साली कोलंबिया थेट अठरावे! एका वर्षात शिकवणे इतके बिघडले काय?

1913 साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेले, तेव्हा ही यादी नव्हती. सेलिग्मन, ड्यूई असे शिक्षक मात्र होते.

तरी यादी फेकून देऊ नका. आपल्या राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारी पाहूनच मिळते. त्या मर्यादेत बसणारी विद्यापीठे आधी काढा, मग त्यांत आपला विषय कोण शिकवते ते मुलीलाच शोधू द्या. आणि अर्जाची मुदत समाजकल्याण कार्यालयात वेळीच विचारून ठेवा.