तिसऱ्या मुंबईत राहणार कोण?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तत्पूर्वी जानेवारी २०२४मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला होता आणि उरणपर्यंत रेल्वेही पोहोचली होती. साहजिकच पनवेल, उरण आणि पेण या तीन तालुक्यांत आता लग्नघरी वा सत्यनारायणाच्या पूजेला चार माणसे एकत्र बसली, की बोलणे गुंठ्याच्या भावावर येते. या तीन तालुक्यांतील १२४ गावांचे मिळून नवे नगर वसविण्याची अधिसूचना शासनाने २०२४ साली काढली. लोकांनी त्याचे बारसे आधीच करून टाकले आहे, ‘तिसरी मुंबई’.

जमिनीचे भाव वाढणार, इमारती उठणार, याविषयी कोणाच्या मनात शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे आणि तो विचारला जात नाही. या इमारतींत राहणार कोण?

घरांच्या बाजाराचे भवितव्य विटा-सिमेंटच्या किमतीवर ठरत नसते. ते ठरते त्या प्रदेशात कोणता रोजगार येतो, त्यातून किती वेतन हाती पडते आणि कर्जाचा दर काय असतो यांवर. व्याजदराचेच पाहावे. मे २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. फेब्रुवारी २०२३पर्यंत तो साडेसहा टक्क्यांवर गेला आणि २०२५ सालात टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. ५० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेसहा टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३७,३०० रुपये होतो. साडेआठ टक्के दराने तोच ४३,४०० रुपयांवर जातो. महिन्याकाठी सहा हजारांचा हा फरक एखाद्या शिक्षक दांपत्याच्या घरात मुलाच्या शिकवणीचे आणि म्हाताऱ्या आई-वडिलांच्या औषधांचे गणित बिघडवून टाकतो. ज्याच्यापाशी रोख भांडवल आहे, त्याला मात्र व्याजदर चढला काय नि उतरला काय, फारसे सोयरसुतक नसते. दर चढला की खरा गरजू माघार घेतो आणि बाजारात गुंतवणूकदार तेवढा उरतो.

नवी मुंबईने हा अनुभव एकदा घेतला आहे. उलवे आणि द्रोणागिरी या सिडकोच्या वसाहती विमानतळाच्या आशेवर वाढल्या. विमानतळाची घोषणा जुनी. भूमिपूजन व्हायला २०१८चा फेब्रुवारी उजाडला आणि विमान उडायला आणखी जवळजवळ आठ वर्षे गेली. मधल्या काळात ज्यांनी ‘उद्या भाव दुप्पट होईल’ म्हणून सदनिका घेऊन ठेवल्या, त्यांच्या इमारतींत तिन्हीसांजेला मोजकेच दिवे लागत. हे चित्र एका वसाहतीपुरते नाही. २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली होती, आणि याच शहरातील लक्षावधी माणसे झोपडीत राहत होती. घरांचा तुटवडा आणि घरांची रिकामी रांग एकाच शहरात सुखाने नांदतात, याचा अर्थ तेथे घर ही राहण्याची जागा कमी आणि ठेवण्याची तिजोरी अधिक झाली आहे.

आता रोजगाराकडे वळू. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची जागा माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आणि डेटा सेंटर घेत आहेत. न्हावा-शेवा बंदराच्या मागे गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. डेटा सेंटरमध्ये कोट्यवधी रुपयांचे भांडवल येते, विजेची प्रचंड मागणी येते, जमिनीचा भाव वर जातो; पण इमारत एकदा उभी राहिली, की तेथे कायमचे काम मिळते मूठभर तंत्रज्ञांना आणि पहारेकऱ्यांना. गोदामाचेही थोड्याफार फरकाने तेच. गुंतवणुकीचा आकडा वाचून घरांच्या मागणीचे भाकीत करणारे येथेच फसतात. भाव चढविणारे भांडवल आणि हप्ता फेडणारा पगार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली आली म्हणजे दुसरी येतेच असे नाही.

विमानतळाचे तसे नाही. तो माणसे मागतो, आणि पुष्कळ मागतो. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची आणि अखेरच्या टप्प्यात ९ कोटींची क्षमता असलेल्या या विमानतळाला वैमानिक आणि अधिकारी थोडे लागतील. सामान चढविणारे, सफाई करणारे, सुरक्षारक्षक, टॅक्सीचालक, उपाहारगृहातील आचारी नि वाढपी हजारोंनी लागतील. यातील बहुतेक कामे कंत्राटी. महिना २५ हजार रुपये मिळविणाऱ्याने पोटाला चिमटा घेऊन दहा हजारांचा हप्ता भरायचे ठरवले, तर साडेआठ टक्क्यांनी त्याला वीस वर्षांसाठी साडेअकरा लाखांचे कर्ज मिळेल. साडेअकरा लाखांत उलव्याला काय मिळते, हे तेथील कोणत्याही दलालाला विचारून पाहावे. तो हसेल आणि कर्जतच्या पलीकडचा रस्ता दाखवील. पण विमानतळाचे काम पहाटे सुरू होते आणि लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते. ज्याला पहाटेची पाळी आहे, त्याला जवळच राहावे लागते. घर मिळो वा न मिळो.

न मिळाल्यास काय होते, हे सहार विमानतळाच्या कुंपणाला लागून पसरलेल्या झोपडपट्ट्यांनी दाखवून दिले आहे. विमानतळाच्याच जमिनीवर हजारो झोपड्या वसल्या. त्या हलविण्याची चर्चा पिढी उलटली तरी संपली नाही. त्या वस्त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणून बोटे मोडणे सोपे आहे. तेथे राहणाऱ्या हातांवाचून विमानतळ एक दिवसही चालला नसता, हे मात्र कोणी बोलत नाही.

नवी मुंबईत श्रमिकांना छप्पर दिले ते सिडकोने नव्हे, भूमिपुत्रांनी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर पट्टा, पनवेल, उरण येथील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच आंदोलकांना प्राण गमवावे लागले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, ती या बलिदानाच्या पायावर. पण भूखंड हाती येईपर्यंत घराघरांत भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. आगरी-कोळी कुटुंबांनी गावठाणात आणि गावठाणालगत मिळेल तेथे मजले चढवले आणि एखाद-दोन खोल्या भाड्याने दिल्या. घणसोली, कोपरखैरणे, करावे अशा गावांतून त्या खोल्यांत माथाडी राहिले, रिक्षाचालक राहिले, कारखान्यांतील कंत्राटी कामगार राहिले. शासनाच्या कागदावर ही ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. दीर्घकाळ ती अनधिकृत होती आणि २०२२ साली ती नियमित करण्याचा निर्णय शासनाने काढला. रस्ते अरुंद, अग्निशमनाचा बंब आत जाणार नाही, सांडपाण्याची सोय अपुरी, हे दोष खरेच आहेत. तथापि नियोजनकारांच्या नकाशात ज्याला घरच नव्हते, त्या माणसाला याच अनधिकृत खोल्यांनी वीस-पंचवीस वर्षे आश्रय दिला आणि ज्याची शेती गेली त्या कुटुंबाला दरमहा भाड्याचे उत्पन्न दिले. शहराची एवढी मोठी गरज भागविणारी ही व्यवस्था आपल्या धोरणकर्त्यांना केवळ पाडापाडीच्या यादीतच दिसावी, हा करंटेपणा होय.

भाड्याच्या घरांशी आपल्या धोरणाचे जुनेच वाकडे आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, ते त्या काळी आवश्यकही होते. पण गोठलेल्या भाड्यामुळे नव्या चाळी बांधणारा कोणी उरला नाही आणि जुन्या चाळी डागडुजीवाचून जीर्ण झाल्या. १९६१ साली भारतातील नागरी कुटुंबांपैकी ५४ टक्के भाड्याच्या घरात राहत. २०११मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. लोक श्रीमंत झाले म्हणून हे सारे घडले असे नव्हे. भाड्याचे घर मिळेनासे झाले, हेही त्यामागे आहे. आज ६० लाखांच्या सदनिकेला महिना १५ हजार भाडे आले, तर मालकाला वर्षाचे तीन टक्के सुटतात. बँकेच्या मुदतठेवीत याहून अधिक मिळते. मग भाडेकरूची कटकट कशाला, म्हणून तो कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहतो.

शासनाने प्रयत्नच केले नाहीत, असे नाही. एमएमआरडीएने २००८ साली १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. त्यातील पनवेलजवळच्या कोन येथील घरे जोडून गिरणी कामगारांना मालकीने देण्याचे ठरले, २०१६मध्ये सोडत निघाली, आणि ताबा मिळता मिळता अनेक वर्षे गेली. ज्या लालबाग-परळात १९८२च्या संपापर्यंत अडीच लाख कामगारांचे संसार गिरण्यांवर उभे होते, तेथे आज काचेचे मनोरे आहेत. आणि तेथल्या कामगारांच्या वारसांना पुढे शेलू नि वांगणीची घरे दाखविण्यात आली. ती त्यांनी नाकारली, तेव्हा ‘यांना दक्षिण मुंबईच हवी’ असा शेरा अनेकांनी मारला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींपैकी एक-तृतीयांश म्हाडाकडे यायची होती आणि २००१च्या दुरुस्तीने तो वाटा मोकळ्या जागेपुरता आक्रसला, याची आठवण शेरा मारणाऱ्यांना नसते. जमिनीचा नियम एका ओळीने बदलतो. त्या ओळीने कोण कुठे राहील हे पुढील पन्नास वर्षांसाठी ठरून जाते.

तिसऱ्या मुंबईच्या बाबतीत ती ओळ अजून लिहिता येण्यासारखी आहे. सिडकोने आजवर भूखंड सर्वाधिक बोली लावणाऱ्याला विकले. त्या बोलीने शेजारच्या प्रत्येक खासगी जमिनीचा किमान भाव ठरवून दिला आणि मग परवडणाऱ्या घरांसाठी सवलतींच्या योजना काढण्याची वेळ आली. एका हाताने भाव चढवायचा आणि दुसऱ्या हाताने अनुदान वाटायचे, हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. विमानतळाच्या परिसरातील सार्वजनिक जमिनीचा निश्चित हिस्सा विक्रीतून वगळून केवळ भाड्याच्या घरांसाठी दीर्घ मुदतीने द्यावा. विमानतळावर कंत्राट घेणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून तिच्या कामगारांच्या निवाऱ्याचा वाटा घ्यावा. आणि गावठाणातील कुटुंबांना नियमानुसार मजला चढवून भाड्याच्या खोल्या काढण्यासाठी बँकेचे कर्ज मिळावे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष आहे. पेणच्या शेतकऱ्याने जमीन विकून आलेली रक्कम पाच-सात वर्षांत मोटारी आणि लग्नांत संपवायची, की त्याच जागेवर दहा खोल्या काढून नातवंडांपर्यंत उत्पन्न चालू ठेवायचे, याचा निर्णय त्याच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. दुसरा मार्ग त्याच्यासाठी कागदोपत्री खुला असावा लागतो.

राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणाने २०३०पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. आकडा मोठा आहे. त्यातील किती घरे पनवेल-उरणमध्ये, किती भाड्याने आणि त्यांपैकी किती पहाटेच्या पाळीला पायी जाता येईल इतक्या अंतरावर, हे प्रश्न या तीन तालुक्यांतील ग्रामसभांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी विकास आराखड्यावरील हरकतींच्या मुदतीत लेखी विचारायला हवेत. ती मुदत फार मोठी नसते, आणि शासकीय सूचना आपण होऊन कोणाच्या दारी येत नाही.