भिंगाला न दिसणारा खोटेपणा

जुन्या तिकिटांच्या बाजारात ‘नागालँड’ असे इंग्रजीत छापलेली तिकिटे अधूनमधून हाती लागतात. छपाई रंगीत, कडेचे दाते नीट पाडलेले, मागे डिंकही असतो. किंमत मात्र रुपया-पैशांत नाही, ‘चॅपली’ नावाच्या चलनात छापलेली आहे. नागालँड १ डिसेंबर १९६३ रोजी भारतीय संघराज्यातले राज्य झाले. कोहिम्याहून पत्र टाकणाऱ्याला तेव्हाही भारतीय टपाल खात्याचेच तिकीट लावावे लागे आणि आजही लागते. तरीही १९७०च्या दशकात ही तिकिटे लंडनच्या व्यापारातून जगभर गेली. नागालँडमधल्या कुठल्याही टपाल कार्यालयाने ती विकली नाहीत आणि त्यांच्या जोरावर एकही पत्र कुठल्या टपाल खात्याने पोचवले नाही. ती छापली होती फक्त संग्राहकांना विकण्यासाठी. अशा तिकिटांना संग्राहक ‘बोगस’ म्हणतात. आपल्याकडे हा विषय छंदातली बारीकसारीक तांत्रिक बाब म्हणून सोडून दिला जातो. माझ्या मते ही ग्राहकाची आणि विशेषतः मुलांची फसवणूक आहे, आणि ती रोखण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर ढकलणे चुकीचे आहे.

याचे कारण समजण्यासाठी नकली तिकीट आणि बोगस तिकीट यांतला फरक पाहावा लागतो. नकली तिकिटाला एक अस्सल तिकीट असते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेले महात्मा गांधींचे दहा रुपयांचे तिकीट घ्या. ते स्वित्झर्लंडमध्ये कूर्वाझिये यांच्याकडे फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापले गेले. त्याला मागणी मोठी असल्याने नकलाही भरपूर आहेत, पण त्या पकडता येतात. अस्सल तिकिटावर भिंग धरले तर छटा एकमेकींत सलग मिसळलेल्या दिसतात. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत त्याच जागी निरनिराळ्या रंगांचे सुटे ठिपके दिसू लागतात. दाते मोजायची पट्टी लावली की अस्सल तिकिटाचे माप साडेअकरा भरते. भिंग, पट्टी, चांगला प्रकाश आणि थोडा सराव एवढ्या भांडवलावर शाळकरी मुलगासुद्धा बरीचशी नक्कल ओळखू शकतो. बोगस तिकिटाच्या शेजारी ठेवायला मात्र अस्सल असे काही नसतेच. त्याचा कागद खरा, शाई खरी, दाते खरे. खोटी असते ती फक्त ‘हे अमुक टपाल खात्याने काढले आहे’ ही बतावणी, आणि ती कागदाच्या कुठल्याही थरात सापडत नाही.

याचा सर्वात स्पष्ट पुरावा सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या काळात मिळतो. १९९१नंतर जुन्या सोव्हिएत तिकिटांवर बुर्यातिया, कारेलिया, तुवा अशी रशियातल्या प्रदेशांची नावे आणि नव्या किमती छापून ती बाजारात आली. रशियाच्या टपाल प्रशासनाने ती आपली नसल्याचे जाहीर केले. पण खालचे तिकीट अस्सल सोव्हिएत असल्याने भिंगाखाली कागद शंभर टक्के खरा ठरतो. त्याच सुमारास युक्रेनमध्ये काही ठिकाणी जुन्या तिकिटांवर नवे छाप मारून ती खरोखर टपालासाठी वापरली गेली. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली तर दिसायला सारखीच, मात्र एकामागे टपाल आहे आणि दुसऱ्यामागे नाही. तुवाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तन्नू तुवा नावाचा छोटा देश १९२१ ते १९४४ या काळात निदान नावापुरता स्वतंत्र होता आणि १९२६पासून त्याने स्वतःची तिकिटे काढली. त्यांतली त्रिकोणी आणि चौकट तिरपी केलेली तिकिटे संग्राहकांवर नजर ठेवूनच मॉस्कोत छापली होती, तरी ती अधिकृत होती. १९९०च्या दशकातली ‘तुवा’ नावाची तिकिटे मात्र बोगस आहेत. प्रदेशाचे नाव तेच राहिले, बदलला तो काळ आणि तिकीट काढण्याचा अधिकार.

आखाती तिकिटांनीही हीच शिकवण दिली आहे. आपल्याकडच्या असंख्य जुन्या अल्बममध्ये अजमान, मनामा, फुजैरा, उम्म अल कैवेन यांची मोठाली, भडक तिकिटे आहेत. १९६०च्या दशकात तिथल्या शेखांनी परदेशी व्यापाऱ्यांशी करार केले आणि लोकसंख्येच्या मानाने अफाट तिकिटे निघाली. ती नकोशी म्हणता येतील, पण शेखांना करार करण्याचा अधिकार होता. १९७२मध्ये संयुक्त अरब अमिरातींच्या टपाल खात्याने कारभार हाती घेतला, आणि त्यानंतरही त्याच नावांचे, त्याच धाटणीचे संच येत राहिले. त्यांना आधार उरला नव्हता. शिवाय यांतल्या बऱ्याच तिकिटांच्या कोपऱ्यात सुबक, अर्धवर्तुळाकार टपालशिक्का आहे आणि मागचा डिंक जसाच्या तसा आहे. पाकिटावर चिकटलेच नव्हते ते तिकीट ‘वापरलेले’ कसे? शिक्का छापखान्यातच मारलेला होता. ही खूण मुलांना जरूर शिकवावी, पण तीही निर्णायक नाही, कारण कित्येक अधिकृत टपाल खात्यांनीही असे शिक्के मारून तिकिटे स्वस्तात विकली आहेत.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत छपाई स्वस्त झाली तसा हा धंदा मोठा झाला. आता खोट्या देशाचे नाव लागत नाही. चाड, मलावी, अंगोला, किर्गिझस्तान, तुर्कमेनिस्तान अशा खऱ्या देशांचे नाव टाकून हॉलीवूडच्या नट्या, मांजरे, डायनोसॉर, फुटबॉलपटू यांची शीट काढली जाते. कधीकधी एकच चित्र दोन-तीन देशांच्या नावांनी फिरते. त्या देशांच्या टपाल खात्यांना याचा पत्ता नसतो, आणि कळल्यावर ती बर्नच्या जागतिक टपाल संघाकडे तक्रार करतात. ज्या देशाचे टपाल खाते गरीब आहे किंवा युद्धाने मोडले आहे त्याचेच नाव जास्त वापरले जाते, कारण तिथून तक्रार उशिरा येते किंवा येतच नाही. अफगाणिस्तानच्या नावाने यादवीच्या वर्षांत काय काय छापले गेले, हे कुठल्याही जाणत्या संग्राहकाला विचारावे.

मग ओळखायचे कसे? चौकशी करून, दुसरा मार्ग नाही. स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट, मिशेल यांसारख्या कॅटलॉगमध्ये नोंद आहे का, हे आधी पाहावे. नोंद नसली म्हणून लगेच निकाल देऊ नये. कॅटलॉग मागे पडतात, आणि काहींनी राजकीय कारणांनी काही देशांच्या नोंदी वर्षानुवर्षे टाळल्या आहेत. जागतिक टपाल संघाच्या सहकार्याने १ जानेवारी २००२पासून नव्या तिकिटांना क्रमांक देणारी नोंदणी सुरू आहे. क्रमांक असेल तर प्रश्न मिटतो, पण सगळे देश तीत सहभागी नसल्याने क्रमांक नसणे हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही. उरते त्या त्या टपाल खात्याचे जाहीर निवेदन आणि संघाची परिपत्रके. शालेय तिकीट क्लबमधल्या सातवीच्या मुलीने दोनशे रुपयांचे ‘मिश्र तिकिटे’ असे पाकीट घेताना हा सगळा शोध घ्यावा, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. विक्रेता रोज हाच माल हाताळतो. त्याला शोध घेणे सोपे आहे आणि बहुतेक वेळा उत्तर त्याला आधीच ठाऊक असते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, मुलाला डायनोसॉरचे चित्र आवडले, दहा रुपयांत मिळाले, यात बिघडले काय? चित्र म्हणून विकले तर काहीच बिघडले नाही. बिघडते ते तिकीट म्हणून विकल्यामुळे. तिकीटसंग्रहातून मुलाला मिळते ते जगाचे ज्ञान : कुठला देश कधी जन्मला, त्याचे चलन कोणते, त्याने कोणाचा गौरव केला. चाडने अमुक नटीचा गौरव केला ही माहिती त्या अल्बममधून मुलाच्या डोक्यात जाते आणि ती निखालस खोटी असते. पुढे संग्रह विकायला काढला की मोल शून्य निघते आणि पोर या छंदाकडे पाठ फिरवते. चाडच्या टपाल खात्याचे नुकसान वेगळेच. तिकीटविक्रीतून मिळू शकणारा पैसा तिऱ्हाईताच्या खिशात जातो आणि देशाचे नाव बदनाम होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कित्येक देश आपल्या तिकिटांचा मक्ता परदेशी कंपन्यांना देतात. ती तिकिटे त्या देशातल्या माणसाला क्वचितच दिसतात. मग अधिकृत आणि बोगस यांत नैतिक फरक काय उरला? फरक आहे आणि तो जबाबदारीचा आहे. अधिकृत तिकीट कितीही अनावश्यक असले तरी त्यामागे एक सरकार उभे असते. त्या देशात पत्रावर लावले तर ते पत्र न्यावे लागते, आणि निर्णय चुकला तर जाब विचारायला कोणीतरी असते. अशी तिकिटे घ्यायची की नाही हा आवडीचा प्रश्न आहे, त्यावर मतभेद असू शकतात. बोगस तिकिटाबाबत जाब विचारायला कोणीच नसते. दोन्ही एकाच मापाने मोजली तर बोगस विकणाऱ्याला पळवाट मिळते.

आणि आझाद हिंदची तिकिटे? नेताजींच्या चळवळीसाठी ती १९४३मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली, पण टपालात कधीच आली नाहीत. काटेकोर नियम लावला तर तीही बाद, असे कोणी म्हणेल. मी ती बोगस मानत नाही. एका राजकीय संघटनेने स्वतःच्या नावाने, प्रत्यक्ष वापराच्या हेतूने ती तयार केली होती. इतिहासाने वापर होऊ दिला नाही. भारतीय डाक विभागानेही स्वातंत्र्यलढ्यावरच्या आपल्या पुस्तकात त्यांना जागा दिली आहे. त्यांच्याखाली ‘छापली, पण वितरित झाली नाहीत’ एवढे लिहिले की प्रामाणिकपणाची अट पुरी होते. नागालँडच्या तिकिटांनाही संग्रहात जागा आहे. एका फसवणुकीचा पुरावा म्हणून ती जपावीत, अभ्यासावीत. कोणी ती नष्ट करा म्हणत नाही. मागणी आहे ती खालच्या चिठ्ठीवर खरे लिहिण्याची.

आपल्या कायद्याला हे सारे अपरिचित नाही. टपालाचे कल्पित तिकीट तयार करणे, जाणूनबुजून चलनात आणणे, त्याचा व्यवहार करणे हा भारतात १८९५पासून गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंडसंहितेच्या कलम २६३-अ मध्ये आला, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १८६ म्हणून कायम आहे. या कलमातल्या ‘सरकार’ शब्दात परदेशी सरकारही धरले आहे, म्हणजे चाडच्या नावाचे खोटे तिकीट मुंबईत विकणेही त्यात येते. दंड मात्र जास्तीत जास्त दोनशे रुपये. १८९५ साली ती मोठी रक्कम होती. आज डाक विभागाकडे संग्राहकाचे ठेव खाते उघडायला दोनशेच रुपये लागतात. नवी संहिता लिहिताना हा आकडा तसाच राहिला, याचे मला फार वाईट वाटते. दंड वाढवावा, पण नुसत्या बाळगण्याबद्दल अभ्यासकाला त्रास होणार नाही हेही त्याच वेळी स्पष्ट करावे. कलमात ‘कायदेशीर सबबीशिवाय’ असे शब्द आहेत, त्यांत अभ्यास आणि संग्रह स्पष्टपणे बसवावेत.

कायदा बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. भारत १८७६पासून जागतिक टपाल संघाचा सदस्य आहे. इतर देशांच्या तक्रारींची परिपत्रके संघाकडून सदस्य टपाल खात्यांना जातात, म्हणजे ती आपल्या डाक विभागापर्यंत पोचतात. डाक विभाग २०१७पासून सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक मुलांना ‘स्पर्श’ योजनेत वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती देतो. ज्या खात्याने मुलांना या छंदात बोलावले, त्यानेच ती परिपत्रके मराठीत आणि इतर भाषांत करून मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसातल्या फिलाटेलिक ब्युरोच्या फळ्यावर लावावीत, शाळांच्या क्लबांना पाठवावीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या विषयवार संग्रहांच्या नियमांत टपालसेवाच नसलेल्या संघटनांची काल्पनिक तिकिटे आधीच वर्ज्य आहेत. ‘महापेक्स’सारख्या प्रदर्शनात विक्रीचा गाळा देतानाही हीच अट विक्रेत्याकडून लिहून घ्यावी : प्रत्येक पाकिटावर काढणाऱ्या टपाल खात्याचे नाव असेल, आणि जिथे असे खाते नाही तिथे ‘हे टपाल तिकीट नाही’ असे देवनागरीत, ठळक अक्षरांत छापलेले असेल.