घरात कोण होतं?



भूकंपाच्या बातमीत पहिला आकडा तीव्रतेचा असतो, दुसरा मृतांचा. मृतांत बाया किती, हे सहसा कोणी सांगत नाही. अफगाणिस्तानातल्या हेरात प्रांतात ७ ऑक्टोबर २०२३ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मात्र ते पुढे आलं. संयुक्त राष्ट्रांच्या सांगण्यानुसार दगावलेल्यांत दहातले नऊ जण बाया आणि मुलं होती. वेळ सकाळी अकराची. पुरुष बाहेर कामावर, काही तर मजुरीसाठी पार इराणात. बाया घरात, आणि घरं मातीची.

निसर्ग बाई-पुरुष भेद करत नाही, असं आमच्या शिबिरात कोणीतरी म्हणतंच. नसेल करत. पण अकरा वाजता छपराखाली कोण असायचं, हे काही निसर्गानं ठरवलेलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्येच तालिबानने स्वयंसेवी संस्थांत काम करायला स्त्रियांना बंदी केली होती. ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनार प्रांत हादरला, दोन हजारांहून अधिक माणसं गेली. मदतीला आलेले पुरुष परक्या बाईला हात लावायला कचरले, जखमी बाया तशाच बाजूला बसून राहिल्या, अशा बातम्या आल्या. ढिगाऱ्यातून बाहेर काढायलाही बाईच हवी, आणि तिलाच घरी बसवलेलं!

हे सगळं ‘तिकडचं’ म्हणून सोडवत नाही, कारण आपल्याकडे किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेल्या गावांवर दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं कोसळली. मी तेव्हा लहान होते. पुढे एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यासाठी औसा तालुक्यात गेले, तेव्हा एक मावशी भेटल्या. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायांना संवाद सहायक नेमलं होतं, त्यांतल्या त्या एक. भिंतीत आरपार दगड घातले का, माळवदावरची माती कमी केली का, हे त्या बघायच्या. “मिस्त्री ऐकंना, मग म्या भिंतीपाशीच बसून ऱ्हायले,” म्हणाल्या. घरात दिवसरात्र राहणारीला घराचं विचारलं, एवढंच ते होतं. पण त्यासाठी आधी भूकंप व्हावा लागला.

परवा आमच्या जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा चाळला. जीवितहानीच्या रकान्यात फक्त ‘एकूण’. तुमच्या जिल्ह्याचा मागवून बघा. त्यात बायांचा वेगळा रकाना आहे का, गावपातळीच्या पथकात बाया किती, ते पुढच्या अंकासाठी कळवा. पोस्टकार्डही चालेल.