स्पेसबार खडखडता कामा नये

दोन महिन्यांपूर्वी मी आयुष्यातला सर्वांत महाग कीबोर्ड घेतला. किंमत वीस हजारांच्या वर. रोज पाच-सहा तास ज्याच्यावर बोटं चालतात ती वस्तू चांगली असावी, असं मला मनापासून वाटतं, म्हणून पैसे देताना वाईट वाटलं नाही. खोका उघडला. ॲल्युमिनियमचं जड, गार आवरण, आणि अक्षरांच्या कळा दाबल्या की भरीव, दबका आवाज. मग स्पेसबारवर अंगठा पडला आणि चिल्लर ठेवलेला डबा हलवावा तसं काहीतरी खुळखुळलं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर नम्र होतं: स्टॅबिलायझर जुळवून घेणं हा या छंदाचा भाग आहे, थोडं ग्रीस लावा. मला हे उत्तर मान्य नाही. मी सुटे भाग मागवले नव्हते. जाहिरातीत ‘जोडलेला, वापरायला तयार’ असं लिहिलं होतं.

स्पेसबार लांब असतो आणि त्याखाली स्विच एकच, मधोमध. टोकावर दाबलं तर पट्टी तिरकी होऊन अडकेल. म्हणून दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे दोन खुंट आणि त्यांना जोडणारी एक तार बसवतात. एक बाजू खाली गेली की तार दुसरीलाही खाली ओढते. हा स्टॅबिलायझर. तारेचं टोक खुंटाच्या खाचेत जरा सैल बसलं की खडखड होते. तार मुळातच पिळलेली असेल तर आणखी. उपाय साधा आहे: तार काचेवर ठेवायची, एक पाय वर उचललेला दिसला तर पकडीने हलकेच वाकवून सरळ करायची, टोकांना घट्ट ग्रीसचा ठिपका द्यायचा. मला पहिल्यांदा करायला दीड तास लागला. सराव असलेल्या कारागिराला दहा मिनिटं पुरतील. ती दहा मिनिटं वाचवली गेली आणि माझा दीड तास खर्ची पडला.

गंमत म्हणून हे काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा आनंद खरा आहे. सुटं किट घेऊन एकेक स्विच उघडून वंगण लावणाऱ्याने खडखडीची तक्रार करू नये, कारण जुळवणी त्याने स्वतःहून अंगावर घेतलेली असते. पण किटवाल्यालाही सपाट प्लेट, सरळ तार आणि चालणारा सर्किट बोर्ड मिळालाच पाहिजे. स्वतः जुळवायची हौस वेगळी आणि दुसऱ्याची चूक निस्तरणं वेगळं.

ग्राहक म्हणून आपलं लक्षही चुकीच्या जागी असतं. सगळे स्विचचं आयुष्य विचारतात. चेरी कंपनी आपल्या एमएक्स स्विचसाठी १० कोटी दाबांचा आकडा देते. एकच कळ रोज दहा हजार वेळा दाबली तरी त्याला २७ वर्षं लागतील. चेरीच्या मूळ पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कायल अशा चिनी कंपन्या त्याच घडणीचे स्विच करू लागल्या, आणि स्पर्धेमुळे आज स्वस्त स्विचही उत्तम मिळतो. दुखणं आता दुसरीकडे आहे. पीबीटी प्लॅस्टिकची लांब पट्टी साच्यातून निघाल्यावर थंड होताना वाकते. एबीएस सहसा वाकत नाही, पण काही महिन्यांत बोटांनी चकचकीत होतं. स्विच काढता-घालता येणाऱ्या बोर्डात सॉकेट खालून फक्त डाखाने धरलेलं असतं. वरून जोर लावला की ते उखडू शकतं, म्हणून शक्य असेल तेव्हा खालून बोटाचा आधार द्यावा. पहिल्या दिवशी स्पेसबार काढून टेबलावर ठेवा आणि डोळा खाली नेऊन पाहा. खाली उजेडाची फट दिसली तर पट्टी वाकलेली आहे. बदलून मागा.

सगळंच मागू नये, हेही म्हणतो. आवरणाच्या तळाला, कधी दिसणार नाही अशा जागी, रंगात सुईच्या टोकाएवढा ठिपका असेल तर तो मी सोडून देईन. काही निर्माते हाताच्या अंतरावरून न दिसणारा डाग दोष धरणार नाही, असं आधीच लिहून देतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. माझं मागणं तेवढंच आहे: काय मिळेल ते आधी लिहा.

पूर्वी नवी वस्तू अशी जुळवावी लागत नसे. आयबीएमचा ‘मॉडेल एम’ कीबोर्ड १९८५चा. दोन किलोंहून जड, प्रत्येक कळेखाली दबून वाकणारी स्प्रिंग. तो कचेरीतल्या कारकुनासाठी होता, छंदासाठी नव्हे, आणि त्यातले कितीतरी आजही चालतात. आपल्याकडे गोदरेजचा टाइपराइटर १९५५ साली आला. टायपिंग क्लासमध्ये मी ज्या मशीनवर मराठी शिकलो, त्याला तेल घालायला मेकॅनिक यायचा. पण ते तेल अनेक वर्षांच्या वापरानंतरचं होतं. नवं मशीन आणल्या दिवशी कुणी पेचकस शोधला नाही.

कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. अडचण येते ती महिनोन्‌महिने आधी पैसे भरून मिळणाऱ्या सामूहिक खरेदीत. वस्तू हाती येईपर्यंत वर्ष उलटतं आणि परदेशातल्या विक्रेत्याशी भांडायची उमेद उरत नाही. म्हणून पैसे भरण्याआधीच एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा: खराब भाग आला तर बदली भाग कोण पाठवणार, आणि टपालखर्च कोणाचा?

मी तो विचारला नव्हता. तार खिडकीच्या काचेवर ठेवून सरळ केली, ग्रीस लावलं, आता स्पेसबार अक्षरांसारखाच दबका वाजतो. हा लेख त्याच कीबोर्डवर लिहिला. विक्रेत्याला पुन्हा लिहिलं की मला नवा भाग नको, जाहिरातीतलं वाक्य बदला. काल पाहिलं, ‘वापरायला तयार’ अजून तिथेच आहे.